चार इंची पाइपातली दुर्बीण

खोली भाड्यानं देण्याआधी सर माणसाला गच्चीवर न्यायचे. गारखेड्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एकच खोली होती, आणि तिच्यासमोरच्या गच्चीवर लोखंडी तिकाटण्यावर एक पांढरा पाइप आडवा बसवलेला होता. मी आदल्याच आठवड्यात वाळूजच्या एका कंपनीत रुजू झालो होतो. खोलीची निकड होती, आणि मालक म्हणतील त्याला मान डोलवायची असं ठरवूनच आलो होतो. सर म्हणाले, "ह्यातून बघा." मी एक डोळा मिटून बघितलं.

"काय दिसलं?"

काय सांगावं सुचेना. "काहीच नाही," मी म्हणालो. "अंधार आहे."

"सामान कधी आणताय?"

पाइपाच्या पुढच्या तोंडाला झाकण होतं. ते काढून दाखवत सरांनी सांगितलं, की माझ्याआधी तिघं येऊन गेले. पहिल्याला डोंगर दिसला, दुसऱ्याला "फारच सुंदर" दिसलं आणि तिसऱ्याला भर दुपारी चंद्र दिसला. "न दिसलेलं दिसलं म्हणणाऱ्याला मी घर देत नाही," सर म्हणाले. मला स्वतःचा अभिमान वाटला. वास्तविक मी खरं बोललो होतो ते दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

सर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. अंगानं किडकिडीत, अंगात कायम बाह्यांची बंडी, एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर. कपाळावरचा कधी खाली आलेला मी पाहिला नाही. घर बांधताना नळजोडणीचा चार इंची पाइप उरला होता. त्यात सिटी चौकातल्या एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याकडून घासून आणलेली दोन भिंगं बसवून त्यांनी ही दुर्बीण केली होती. "पाइपातून पाणी तर येत नाही," ते म्हणायचे, "निदान उजेड तरी येऊ द्या." हा विनोद ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे आणि पाहुणा हसेपर्यंत थांबायचे.

जगाच्या इतिहासाचे सरांनी दोन भाग पाडले होते: दुर्बिणीआधीचा आणि दुर्बिणीनंतरचा. मधलं, अलीकडचं, पलीकडचं, राजे, लढाया, सगळं त्यांच्या लेखी किरकोळ होतं. हॉलंडातल्या कुणा चष्मेवाल्याच्या दुकानात दोन भिंगं एकापुढे एक आली आणि माणसाची खुर्ची हलली, असं ते सांगायचे. "तोवर माणूस मधोमध बसलेला होता हो. सूर्य त्याच्याभोवती, चंद्र त्याच्याभोवती, देवही त्याच्याचसाठी. दुर्बिणीनं त्याला उठवला आणि सांगितलं, बाजूला सरका, ही जागा तुमची नाही." हे सांगताना स्वतः सर मात्र वेताच्या खुर्चीत मधोमध बसलेले असत आणि आम्ही भोवती उभे.

कुठल्याही प्रसंगाला ते दुर्बिणीपाशी आणून सोडत. आमच्या गल्लीतले एक वृद्ध गेले, त्यांच्या शोकसभेत सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सरांनी पहिल्या दोन शब्दांत दिवंगतांचे गुण संपवले आणि पुढची पस्तीस मिनिटं गुरूच्या चार चंद्रांवर घेतली. पुढच्या रांगेत वृद्धाचा मुलगा मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत ऐकत होता. शेवटी सर म्हणाले, "ज्यांना जायचं होतं ते गेले. उरलेल्यांनी आकाश बघावं." सभा संपली तेव्हा लोकांना कुठं बघावं कळत नव्हतं.

पहिल्यांदा दुर्बीण आकाशाकडं वळवून आपण पाहिलं ते छापणारा जो इटलीचा म्हातारा, त्याच्याशी सरांचं भाऊबंदकीचं नातं होतं. प्रेमही तसलंच आणि भांडणही तसलंच. त्यानं सूर्यावरचे डाग दाखवले, चंद्रावरचे डोंगर दाखवले, आणि तिथल्या पंडितांनी दुर्बिणीला डोळा लावायलाच नकार दिला, ही गोष्ट सर दात-ओठ खाऊन सांगत. "अरे, बघायला काय हरकत होती? फुकट होतं!" पण त्याच म्हाताऱ्यानं पुढं धर्मगुरूंपुढं गुडघे टेकून, मी म्हणतो ते चूक आहे असं लिहून दिलं, इथवर आले की सरांचा आवाज चढायचा. "डोळ्यांनी बघितलेलं नाही म्हणाला! भित्रा! सत्तरीला आलेला माणूस, अजून किती जगायचं होतं त्याला?" आतून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "अहो, त्याच्या घरी माणसं असतील ना." सर उत्तर देत नसत. काकूंच्या बोलण्याला उत्तर देण्याइतकं वैज्ञानिक वजन असतं असं त्यांना वाटत नसे.

ह्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. गच्ची खाली, रस्ता वर, आणि माणसं आभाळाला पाय चिकटवून चालताहेत. सुलटं दाखवायला आणखी एक भिंग लागतं, ते सर बसवत नसत. मी विचारलं तर म्हणाले, "मेंदूनं उलटवून घ्यावं. फुकटचं सगळं सुलटं मिळायला लागलं की माणूस बिघडतो." लांबच्या मंगल कार्यालयाच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं, ते त्यांनी मला मुद्दाम दाखवलं. बारा खाली, सहा वर. मला वाटलं काटाही मागं फिरत असणार. पण काटा आपल्या नेहमीच्या दिशेनंच सरकत होता. सर खूश झाले. "हा आरसा नाही. चित्राला नुसता अर्धा फेरा दिलाय. तुम्ही डोक्यावर उभे राहिलात म्हणून घड्याळ उलटं चालेल का? लक्षात ठेवा, दुर्बीण उलटं दाखवते, पण फिरण्याची दिशा बदलत नाही." मी लक्षात ठेवलं. कंपनीत तसंही माझ्या डोक्याला काही काम नव्हतं.

आता दुर्बिणीचा समाजावर झालेला परिणाम. ह्या विषयावर सर तासन्‌तास बोलू शकत. पण आमच्या गल्लीवर तो कसा झाला हे मी सांगतो, कारण तो मी बघितला. आमच्याकडं आठव्या दिवशी नळाला पाणी यायचं. जायकवाडी भरून वाहो की आटो, शहराचं नाव बदलो की राहो, आठवा दिवस काही बदलला नाही. त्या दिवशी मुलांना शाळा नको असायची, बायकांना नातेवाईक नको असायचे. पाणी आलं नाही तर टँकरची वाट बघायची. आणि टँकर कुठवर आलाय हे सगळ्यात आधी कुठून दिसणार? सरांच्या गच्चीवरून.

गुरूचे चंद्र बघायला वर्षभरात गल्लीतलं एकही माणूस जिना चढलं नव्हतं. टँकर बघायला रांग लागली. सरांनी आधी विरोध केला, मग इतिहासात आधार शोधला. इटलीच्या म्हाताऱ्यानंसुद्धा दुर्बीण आधी व्यापाऱ्यांनाच दाखवली होती, लांबून येणारं जहाज दोन तास आधी दिसावं म्हणून. "समाज आधी माल बघतो, मग आकाश बघतो," सर म्हणाले आणि रांगेला शिस्त लावू लागले.

ह्या रांगेत एकदा शेजारच्या वकिलांच्या पत्नी होत्या. त्यांनी डोळा लावला आणि किंचाळल्या, "अगं बाई! टँकर उलटला!" चाकं वर, टाकी खाली, त्यांना स्पष्ट दिसलं होतं. सर "अहो, थांबा" म्हणेपर्यंत बातमी जिन्यावरून खाली गेली. टँकर उलटला म्हणजे पाणी रस्त्यावर वाहतंय, एवढंच लोकांना कळलं. ड्रायव्हरचं काय झालं हे एकानंही विचारलं नाही. गल्ली हंडे, बादल्या, एकजण तर लहान मुलाचा टब घेऊन चौकाकडं धावली. चौकात टँकर चारही चाकांवर उभा होता आणि ड्रायव्हर पानाच्या टपरीवर तंबाखू मळत होता. पन्नास माणसं भांडी घेऊन आपल्याच अंगावर येताहेत हे पाहून त्यानं टँकर चालू केला आणि तो सरळ दुसऱ्या वसाहतीत निघून गेला. त्या दिवशी आम्हाला पाणी मिळालं नाही. वकील महिनाभर सरांशी बोलले नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तर सर सर कसले? टँकर बघता बघता त्यांना नळाच्या पाण्यातलं एक गूढ सापडलं. गल्लीच्या टोकाला, मोकळ्या प्लॉटपलीकडं मारुतीचं देऊळ, आणि देवळाशेजारी पाण्याचा व्हॉल्व्ह. लाइनमन तिथं येऊन लांब लोखंडी चावीनं आधी आमच्या गल्लीचं पाणी सोडायचा, मग ते बंद करून मागच्या गल्लीचं. त्याला ठरलेल्या वेळेला पुढच्या वसाहतीत पोचायचं असायचं, त्यामुळं आमचं जितकं लांबेल तितकं मागच्यांचं आखडायचं. मागच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन ओरडायच्या ते आम्हालाही ऐकू यायचं. आम्ही खिडकी लावून घेत असू.

सरांनी खिडकी लावली नाही. ते व्हॉल्व्हवर दुर्बीण रोखून गजराचं घड्याळ घेऊन बसले आणि वहीत चित्रं काढू लागले: व्हॉल्व्ह उघडला, चावी फिरली, व्हॉल्व्ह बंद. दीड महिन्यात सिद्ध झालं की आपल्या गल्लीला सव्वा तास मिळतो, मागच्या गल्लीला जेमतेम अर्धा. तिथवर चालत गेलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण पायी चालून जे कळतं ते सरांना खरं वाटत नसे.

आमच्या गल्लीनं त्यांना हात जोडले. "सर, आपल्यालाच जास्त मिळतंय ना, मग तुमचं काय जातंय?" वकील तर महिन्याचं मौन सोडून आले. सर म्हणाले, "दिसतंय ते दिसतंय." आणि त्यांनी पाणीपुरवठ्याच्या साहेबांना अर्ज टाकला: लाइनमन कुणाच्या तरी सांगण्यावरून आमच्या गल्लीला जादा पाणी देतो, आपण स्वतः दुर्बिणीतून पाहिलं आहे, चौकशी व्हावी. साहेबांचा निरोप आला की चौकशीला येतो, आणि आरोप खरा निघाला तर लाइनमन कंत्राटावरचा आहे, दुसऱ्या दिवशी घरी जाईल.

चौकशीच्या आधीच्या पाण्याच्या दिवशी सर मला म्हणाले, "आज शेवटचं निरीक्षण. तुम्ही साक्षीला चला." दुपारचे चार वाजले होते. काकू नेहमीप्रमाणे देवळात गेल्या होत्या. पाण्याच्या दिवशी त्या चारला देवळात जात, आणि सर त्यांच्या देवदेवावर दोन वाक्यं बोलून घेत. व्हॉल्व्ह उघडला. सव्वा तास उलटला तरी चावी फिरेना. "हा माणूस करतोय काय?" म्हणत सरांनी दुर्बीण दोन बोटं बाजूला सरकवली.

मग सरांनी पेन्सिल खाली ठेवली. वहीत लिहिलं नाही. उठले, बाजूला झाले, आणि कठड्याला धरून उभे राहिले. मी डोळा लावला. देवळाचा ओटा आभाळातून खाली लोंबत होता. त्याला पाठ लावून लाइनमन मांडी घालून बसला होता, हातात धपाटं. शेजारी काकू. त्यांच्या मांडीवर आमच्या स्वयंपाकघरातला डबा. काकू काहीतरी सांगत होत्या, तो हसत होता, आणि सावकाश, अगदी सावकाश, चटणीला लावून एकेक घास खात होता. काकूंनी आणखी एक धपाटं वाढलं. खाली आमच्या हौदात पाणी पडल्याचा आवाज येत होता.

माझा पहिला विचार काकूंविषयी नव्हता, न्यायाविषयीही नव्हता. मी काकूंकडंच जेवायचो, आणि एवढे दिवस पाण्याच्या दिवशी संध्याकाळी मला धपाटी कमी का मिळतात, त्याचा उलगडा झाला होता.

चौकशीचे साहेब म्हणजे पंचविशीतले एक इंजिनिअर. ते सरांच्या बैठकीत बसले. लाइनमन चपला बाहेर काढून दारात उभा राहिला. चाळिशीचा, पैठणकडचा, खांद्यावर रुमाल. दाराबाहेर वकील आणि गल्लीतली दहा माणसं. सरांची वही टेबलावर होती, पण सर ती उघडत नव्हते.

"बोला सर," साहेब म्हणाले. "कुणाच्या सांगण्यावरून पाणी सोडतो हा? नाव सांगा, पुढचं मी बघतो."

"साहेब," लाइनमन दारातून म्हणाला, "म्या कुनाचा एक पैसा घेतला नाय. दोन पोरी हायेत मला, शाळंत जातात. मागच्या गल्लीला कमी पडत आसंल, व्हय, चुकलं माझं. पन कामावरून काढू नका."

काकू आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "मी सांगते काय ते," त्या म्हणाल्या.

"तू आत जा," सर म्हणाले. काकू आत गेल्या नाहीत, पण पुढं बोलल्याही नाहीत.

सर उभे राहिले. शाळेत धडा सुरू करताना राहत असतील तसे, हात मागं बांधून. "साहेब, आमची दुर्बीण उलटं दाखवते," ते म्हणाले. "डावं ते उजवं, वर ते खाली. त्यामुळं चावी कुठल्या दिशेला फिरली हे बघताना माझी गफलत झाली. व्हॉल्व्ह बंद होत होता, मला उघडताना दिसला. ह्या माणसाची काही चूक नाही."

दुर्बीण फिरण्याची दिशा बदलत नाही, हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं, सरांना आणि मला. सरांनी स्वतःच्या हातानं शिकवलेलं, घड्याळ दाखवून शिकवलेलं, ते खोटं म्हणून सांगत होते. साहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही पण होता ना वर? तुम्हाला काय दिसलं?"

"ऊन होतं," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही."

साहेबांनी कोरा कागद पुढं केला. "सर, तेवढं लिहून द्या. अर्ज बंद करायला लागतं." सरांनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं, की दृष्टिदोषामुळं चुकीचं निरीक्षण झालं, दिलगीर आहे. साहेब कागदाची घडी करत म्हणाले, "वयानं होतं असं. डोळे दाखवून घ्या." बाहेर कुणीतरी हसलं. लाइनमन वाकून सरांच्या पाया पडायला आला, तर सर दोन पावलं मागं सरले. मी त्यांना कितीतरी वेळा हसलो होतो, पण त्या वेळी मला त्यांच्याकडं बघवलं नाही.

संध्याकाळी खालून काकूंचा आवाज आला. "मी चोरी केली का? तो माणूस सकाळपासून उपाशी फिरतो, त्याला दोन घास घातले. सगळ्या गल्लीला पाणी मिळालं, एकट्या आपल्या हौदात ओतून घेतलं नाही मी. सांगायचं होतं माझं नाव. मी भीत नव्हते. दृष्टिदोष म्हणे!"

पुढच्या पाण्याच्या दिवशी सर चारला घराबाहेर पडले. डाव्या हातात प्लॅस्टिकची खुर्ची, उजव्या हातात गजराचं घड्याळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते व्हॉल्व्हपाशी पायी गेले आणि चावीसमोर बसले. अर्ध्या वेळेला घड्याळ वाजलं. "बंद कर," ते लाइनमनला म्हणाले. तो आधीच भ्यालेला, त्यानं चावी फिरवली. मागच्या गल्लीला त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यापर्यंत पाणी चढलं म्हणे. आमच्या हौदात वीतभर पडलं. त्याच्या पुढच्या वेळीही वीतभरच. काकूंचा डबा घरीच राहिला. त्या सरांना वाढत होत्या, बोलत नव्हत्या.

मग गल्ली पेटली. सर आंधळे झाले म्हणून आठवडाभर हसलेली माणसं, सर बघताहेत म्हणून खवळली. वकिलांनी अर्ज लिहिला. सुरेख लिहिला होता: सदर गृहस्थ पाणी सोडण्याच्या कामात हस्तक्षेप करून लाइनमनवर दबाव आणतात, त्यांच्या दृष्टीत दोष असल्याची कबुली त्यांनी स्वतः लेखी दिलेली आहे, तरी त्यांना व्हॉल्व्हपाशी बसण्यास मनाई करावी.

सर खुर्ची घेऊन बाहेर पडल्यावर वकील आमच्या फाटकाशी आले. सुरुवात कुणाच्या सहीनं करावी ह्यावर गल्लीत घोळ झाला होता, प्रत्येकाला दुसरी सही करायची होती. त्यांनी मला वरून खाली बोलावलं. मी म्हणालो, "मी भाडेकरू आहे, मला कशाला मधे घेता?" तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि वकिलांच्या खिशातला पेन स्वतःच काढून घेतला.

"वहिनी, तुम्ही नको," वकील घाबरून म्हणाले.

"त्या दिवशी माझं नाव घ्यायची ह्यांना लाज वाटली," काकू म्हणाल्या. "आता वाचा म्हणावं."

फाटकाच्या खांबावर कागद टेकवून त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. आधी स्वतःचं, मधे सरांचं, मग आडनाव. सावकाश लिहिलं, मधल्या नावावर जरा थांबून, पण खाडाखोड न करता. मग कागद माझ्यापुढं धरला. मी दोन दिवस अंघोळ केली नव्हती. त्यांच्या खाली मी सही केली.